नाव न घ्यायची मुळी

प्रेस कॉलनी, नाशिक रोड
९ जुलै १९९५

ती. आक्का,

धनराजचा नमस्कार. दिवाळीचं पत्रसुद्धा वेळेवर न टाकणारा भाऊ भर पावसाळ्यात पानभर लिहितोय म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. तर आहे काम.

माझ्या उजव्या पायाचा अंगठा गेले सात महिने सुजतोय. नुसता सुजत नाही, लालबुंद होतो, तापतो, चादर लागली तरी जीव कळवळतो. आता डावा घोटाही धरलाय. प्रेसमध्ये मी मशीनवर आहे, आठ तास उभं राहायचं काम. गेल्या महिन्यात सुपरवायझरने मला दोनदा खाली बसलेलं पाहिलं. रजा सगळ्या संपल्या. एकवीस ऑगस्टला मेडिकल बोर्डापुढे उभं राहायचंय. तिथे चालून दाखवता आलं नाही तर अनफिट ठरवून घरी पाठवतील. मग क्वार्टर सोडायचं आणि जायचं कुठे? निकिता यंदा दहावीला आहे.

तुझ्या मुळ्यांबद्दल मी काय काय बोललोय ते मला आठवतं. नव्या घरी आलीस तेव्हा पिशवी बाहेर ठेव म्हणालो होतो, शेजारचे बघतील म्हणून. आता तुझ्याच दारात आलोय. भिमाजीकाकांचे गुडघे ज्या औषधाने सुटले, ते मला दे. मला दुसरा रस्ता दिसत नाही.

तुझा
धनराज


जांभूळपाडा, ता. कळवण
१६ जुलै १९९५

चि. धनराजला लंकाबाईचा आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसले तेव्हा सगळा पाडा हसला, म्हातारी पाटी घेऊन निघाली म्हणून. जोडाक्षर चुकलं तर तू तरी हसू नको. तुला बोट धरून चालायला मीच शिकवलं आहे.

पिशवीचं मी केव्हाच विसरले. खोटं कशाला लिहू, विसरले नाही. पण तू मागितलंस याचाच आनंद एवढा झाला की राग ठेवायला जागा उरली नाही.

भिमाजी नाशिकला येतो आहे, त्याच्याकडे पुड्या देते. कधी, कशात आणि किती घ्यायची ते तो तोंडी सांगेल. त्याहून कणभरही जास्त नको. मुळी जहाल आहे. मी तिचं विष उतरवलेलं असलं तरी ती जहालच. पोट ढवळलं की त्याच दिवशी थांबायचं. आणि ती चालू असताना दुसऱ्या कुणाच्या हातचं औषध पोटात जाता कामा नये. सुलाबाईने मला ही विद्या दिली तेव्हा हे पहिलं सांगितलं होतं. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुझं डॉक्टरचं काही चालू असेल तर आधी मला कळव, पुडी सोडू नको.

नाव विचारू नको. या मुळीचं नाव घेतलं की तिचा गुण जातो, आणि आजवर ज्यांना ज्यांना ती दिली त्यांचं दुखणं परत येतं असं आमच्यात मानतात.

एरवी पाय हातात घेऊन पाहिल्याशिवाय मी कुणाला काही देत नाही. तू भाऊ आहेस म्हणून देते.

लंकाबाई


प्रेस कॉलनी
२ ऑगस्ट १९९५

आक्का,

काय सांगू तुला! चौथ्या दिवशी मी अंगठा जमिनीला टेकवला. काल स्टेशनपर्यंत चालत जाऊन आलो. मोहिनी म्हणाली, बूट घालताना ओरडला नाहीत, आज सूर्य कुठून उगवला.

डॉक्टरचं विचारलंस. काही चालू नाही. दोन-तीन महिन्यांपूर्वी गोळ्या दिल्या होत्या, त्याने काही झालं नाही, सोडून दिल्या.

पुड्या मात्र संपत आल्या. बोर्डाला अजून एकोणीस दिवस आहेत. मध्येच दुखणं उलटलं तर सगळंच मुसळ केरात. आणखी तेवढ्याच पाठव. पोटाला काही त्रास नाही. लवकर पाठव आक्का, तुझ्या पाया पडतो.

धनराज


जांभूळपाडा
७ ऑगस्ट १९९५

चि. धनराज,

पुड्या इतक्या लवकर संपायला नको होत्या. मी मोजून दिल्या होत्या. सांडल्या असतील असं स्वतःला समजावते आहे.

चौथ्या दिवशी टेकवलास म्हणतोस. भिमाजीला तीन आठवडे लागले होते. तुझं रक्त तरुण आहे म्हणून असेल. माझ्या मनात पाल चुकचुकली खरी, पण तू चालत स्टेशनला गेलास हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि पाल गप्प बसवली.

थोड्या पाठवते. बोर्ड झालं की बंद. पोळ्याला इकडे ये, पाय दाखव.

लंकाबाई


नाशिक रोड
१९ ऑगस्ट १९९५

ती. आक्कांना मोहिनीचा नमस्कार.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे आणि ते असं लिहावं लागतं आहे. पंधरा ऑगस्टला हे झेंडावंदनाहून घरी आले आणि उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब, नुसतं पाणी. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा डोळे आत गेले होते. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले दूषित पाणी असेल. आता ते तसं म्हणत नाहीत. रक्तातल्या पेशी घसरल्यात, लघवी कमी झाली आहे. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, बाहेरचं काही औषध घेतलं का?

मी नाही म्हणाले. यांनी मला शपथ घातली होती, कॉलनीत कळलं तर हसं होईल म्हणून. दोन दिवस मी नाही नाहीच म्हणत राहिले. काल सांगितलं. डॉक्टर भडकले. म्हणाले, कसली मुळी? मला माहीत नाही. यांना माहीत नाही. पुडीत तपकिरी भुकटी होती एवढंच मी सांगू शकले.

आक्का, नाव कळवा. उलट टपाली कळवा. बोर्डाची मला आता फिकीर नाही.

मोहिनी


जांभूळपाडा
२४ ऑगस्ट १९९५

मोहिनी,

तुझं पत्र आज मिळालं. तीनदा वाचलं, अक्षरं नीट लागली नाहीत म्हणून नाही.

माझ्या औषधाने हे झालेलं नाही. तीस वर्षं देते आहे. ठरल्या मापाने घेतलं तर एकालाही असं झालं नाही. त्याच्या पोटात आणखी कुणाच्या हातचं काहीतरी गेलं आहे. त्याला विचार, आणि तो नाही म्हणाला तरी खिसे तपास. आमचा धनराज लहानपणापासून खोटं बोलताना फार गोड बोलतो.

नाव मला सांगता येणार नाही. सुलाबाईने मला कंबरभर पाण्यात उभं करून शपथ घातली होती. तुला हे वेडेपण वाटेल. पण इथे पाड्यावर अकरा माणसं माझ्या या मुळीवर उभी आहेत. मी नाव घेतलं आणि ती पुन्हा आडवी झाली तर मी कुणाच्या तोंडाकडे पाहू? मला इथून जे करता येईल ते करते आहे. देवाला तांदूळ ठेवले आहेत.

लंकाबाई


नाशिक रोड
२७ ऑगस्ट १९९५

आक्का,

सकाळी मी त्यांचं डोकं पुसत होते. केस हातात आले. दोन-चार नव्हे, मूठभर. उशी काळी झाली होती. दुपारपर्यंत मागची बाजू मोकळी झाली. भुवयासुद्धा. निकिता दारातूनच मागे फिरली.

तुम्ही म्हणालात तसे खिसे तपासले. खिशात काही नव्हतं, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत होतं. प्रेसजवळच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या. दोन रिकाम्या, एक अर्धी. रोज घेत होते. तुमच्या पुड्याही एकाच्या जागी दोन घेत होते. विचारलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बोर्डापर्यंत उभं राहायचं होतं गं."

म्हणजे तुमचं खरं ठरलं. आता तुमचं खरं ठरल्याचा आनंद करायचा का? डॉक्टर म्हणतात गोळी कळली, ती एकटी एवढं करणार नाही, मुळी काय आहे ते कळल्याशिवाय पुढे काय काय बिघडेल याचा अंदाज येत नाही. त्या अकरा माणसांचे गुडघे मोठे आणि हा तुमचा सख्खा भाऊ लहान? माणूस मरतोय आक्का. मी हात जोडते, तुम्हाला शिव्याही देते, काय हवं ते करते. नाव सांगा.

मोहिनी


नाशिक रोड
२० सप्टेंबर १९९५

ती. आक्कांना,

काल यांना घरी आणलं. हे तुम्हाला आधी कळवायचं म्हणून बसले.

माझं पत्र मिळाल्यावर ऑगस्टअखेर तुम्ही वॉर्डात येऊन उभ्या राहिलात तेव्हा मी तुम्हाला ओळखलंच नाही. चिखलाने भरलेले पाय आणि हातात मुळासकट उपटलेला तो वेल, लाल-पिवळी फुलं तशीच लोंबत होती. नर्स तुम्हाला बाहेर काढायला निघाली होती. तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाही. सरळ डॉक्टरांपुढे वेल धरलात आणि म्हणालात, "साहेब, ही कळलावी हाय. हिचा कंद दिला मी. आता माझ्या भावाला उठवा." मग तिथेच फरशीवर बसलात आणि रडलात. मी लिहिलेल्या पत्राची मला त्या वेळी इतकी लाज वाटली की तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तुम्ही गेल्यावर डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं ते लिहिते. यांच्या गोळीत जे औषध आहे, तेच कळलावीच्या कंदात असतं. तेच. गोळीत ते मोजून असतं, कंदात किती ते कुणालाच सांगता येत नाही, एकात कमी, एकात जास्त. यांनी दोन्हीकडून एकच गोष्ट पोटात भरली. तुमच्या सुलाबाईंनी दुसऱ्या हातचं औषध नको म्हटलं ते बरोबरच होतं म्हणाले, फक्त ते का हे कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि हेही म्हणाले की एकटा कंदसुद्धा पोटात द्यायचा नसतो, तीस वर्षं कुणाला झालं नाही हे नशीब.

जीव वाचला. मूत्रपिंडं अर्धीच काम करतात, हातापायांना मुंग्या येतात. बोर्ड नोव्हेंबरवर ढकललंय. डॉक्टरांनी घरी पाठवतानाच्या कार्डावर ठळक मराठीत लिहून दिलंय, कळलावीच्या कंदाने विषबाधा, म्हणजे पुढे कुठल्याही डॉक्टरला दाखवता येईल. हे ते कार्ड हातात घेऊन बसतात. मला म्हणाले, इतकी वर्षं आक्काने जे लपवलं ते हेच का?

पाड्यावरची माणसं बरी आहेत ना? खरंच विचारते आहे.

तुमची
मोहिनी


प्रेस कॉलनी
५ नोव्हेंबर १९९५

आक्का,

हे पत्र मोहिनीला कळू देऊ नकोस. कामावरच्या एकाकडे टाकायला देणार आहे.

पाय परत आला. या वेळी दोन्ही. दिवाळीला मी पाट ओढून बसलो तो तिघांनी उचलल्यावर उठलो. ती गोळी मला आता बंद आहे, मूत्रपिंडं सोसणार नाहीत म्हणतात. दुसऱ्या देतात त्याने दुखणं वीतभरही हलत नाही. बोर्ड वीस तारखेला आहे. डोक्यावर नुकते कोंब फुटलेत, त्याने मला काही वाटत नाही. पण लंगडत गेलो तर संपलं. मी एकोणीस वर्षं त्या मशीनवर उभा आहे, मला दुसरं काही येत नाही.

आता मी गोळी घेत नाही. म्हणजे धोका उरला नाही. एकच हात, तुझा. अगदी थोडी पाठव, बोर्डाच्या दिवसापुरती. नाही पाठवलीस तर मला बघावं लागेल काय करायचं ते. नाव तर आता मलाही माहीत आहे.

रागावू नकोस. लहानपणी ताप आला की तू कपाळावर हात ठेवायचीस आणि म्हणायचीस, उतरला. तसं एकदा म्हण.

धनराज


जांभूळपाडा
१० नोव्हेंबर १९९५

धनराज,

नाही. एक कणसुद्धा नाही.

माझ्याकडे जी सुकवलेली होती ती मी दवाखान्यातून आले त्याच दिवशी खड्ड्यात पुरली. अकरा माणसांना घरोघर जाऊन सांगितलं, उरलेलं परत द्या. आठांनी दिलं. धोंडाबाईने अंगावर फेकलं. दुखणी कुणाची परतली, कुणाची नाही. आता माझ्याकडे कुणी येत नाही, आणि ते बरं आहे.

तुला एक सांगते, ते कुणालाच सांगितलेलं नाही. पाय न पाहता मी कधी औषध देत नाही. तुला दिलं, कारण शिकलेला भाऊ शेवटी माझ्याकडे आला याची मला घमेंड झाली. पुड्या लवकर संपल्या तेव्हाच मला कळलं होतं. तरी पाठवल्या. पाठवल्या नाहीत तर तू पुन्हा मला जंगली म्हणशील अशी भीती वाटली.

बाहेरून कुठून घेशील तर ती कच्ची असेल. कच्ची कळलावी म्हणजे मरण, त्यात थोडी आणि फार असं काही नसतं. नोकरी गेली तर जाऊ दे. इथे या तिघं. दोन वावरं आहेत, नागली पिकते, बसून खाल्लंस तरी मला जड नाहीस. तू नुसता ओट्यावर बसून राहा, मला तेवढं पुरे.

लंकाबाई


नाशिक रोड
१९ नोव्हेंबर १९९५

आक्का,

चौदा तारखेला दुपारी हे गेले. तार केली होती, ती कशामुळे तरी तुमच्यापर्यंत पोहोचली नाही असं आज कळवणहून कळलं. पाड्यावर निरोप गेला आहे म्हणतात, तरी लिहिते.

रस्त्याकडेला चादर पसरून जडीबुटी विकणारे बसतात, त्यातल्या एकापुढे हे ते दवाखान्याचं कार्ड घेऊन गेले होते. त्याने कार्डावरचं नाव वाचलं आणि कंद काढून दिला. पुढे विषबाधा लिहिलंय ते त्याने वाचलं की नाही देव जाणे. बारा तारखेला सकाळी मी निकिताच्या शाळेत गेले होते तेव्हा घरी उगाळून घेतला. या वेळी डॉक्टरांना सगळं पहिल्या मिनिटाला सांगितलं. काहीही लपवलं नाही. उपयोग झाला नाही.

तुमचं पत्र सोळाला आलं. त्यांच्या नावाचं होतं, मी फोडलं. त्यावरून कळलं की त्यांनी तुमच्याकडे मागितलं होतं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आक्का. ते पुन्हा घेणार हे तुम्हाला माहीत होतं. शेजारच्या कुलकर्ण्यांकडे फोन आहे, नंबर मी तुम्हाला सप्टेंबरातल्या पत्रासोबत चिठ्ठीवर लिहून पाठवला होता. तुम्ही त्यांना पत्र लिहिलंत. मला का नाही कळवलंत?

मी भांडत नाही. मला झोप येत नाही म्हणून विचारते. ते कार्ड मीच त्यांच्या हाताशी ठेवलं होतं.

मोहिनी


जांभूळपाडा
२४ नोव्हेंबर १९९५

मोहिनी,

तू विचारलंस त्याचं उत्तर देते.

त्याचं पत्र मला नऊ तारखेला मिळालं. वाचल्यावर पहिलं मनात आलं ते हेच, की मोहिनीला कळवावं. आमच्या साक्षरतेच्या वर्गाचे गुरुजी कळवणला निघाले होते. त्यांना तुझी चिठ्ठी देऊन फोन करा म्हणायचं, एवढंच काम होतं. मी चिठ्ठी घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले. ते पायताण घालत होते, म्हणाले, काय लंकाबाई, काही आणायचं का? मी नाही म्हटलं आणि परत आले.

त्याने लिहिलं होतं, मोहिनीला कळू देऊ नकोस. किती वर्षांनी त्याने मला स्वतःचं काही सांगितलं होतं. ते आपल्याजवळ राखावं असं वाटलं. आयुष्यभर मी लोकांचं लपवत आले, कुणाच्या घरात काय दुखणं, कुणाला काय दिलं. लपवणं म्हणजेच चांगुलपणा अशी मला सवय लागली होती. तो माझं ऐकेल असंही वाटलं. रागावून लिहिलं की तो लहानपणी ऐकायचा.

कार्ड तू हाताशी ठेवलंस म्हणून तो गेला असं म्हणू नको. नाव कळलं म्हणून तो अडीच महिने आणखी तुमच्यात राहिला. मी सांगितलं नाही म्हणून गेला. ऑगस्टात आठवडाभर सांगितलं नाही आणि नोव्हेंबरात एक फोन केला नाही.

निकिताला यातलं काय सांगायचं ते तू ठरव, असं लिहिणार होते. पण तिला तू काही सांगू नको. मी सोमवारच्या गाडीने येते. तिला समोर बसवून पहिल्या पुडीपासून सगळं माझ्या तोंडाने सांगणार आहे. त्यानंतर तिने मला आत्या म्हटलं नाही तरी चालेल.

लंकाबाई